नीराबाईचा हात

खारपेढ्यात नीराबाईच्या हाताबद्दल दुमत नव्हतं. या गावात एकमत होणं ही काही सोपी गोष्ट नाही. देवळाला कोणता रंग द्यायचा यावरून एकमेकांशी बोलणं टाकलेले सख्खे भाऊ इथे समोरासमोरच्या घरांत राहतात. पण नीराबाईच्या हाताला यश आहे म्हटलं की दोघेही मान डोलावणार.

हे सगळं सुरू झालं जिताडा या माशापासून. धरमतर खाडीच्या काठचं हे आगऱ्यांचं गाव. पूर्वी इथे घर तिथे तलाव असायचा. तलाव म्हणजे फार काही नाही, घराचं जोतं भरायला माती काढली की मागे जो खड्डा उरतो तो. पावसाळ्यात तो गोड्या पाण्याने भरायचा. त्याच दिवसांत खाडीच्या तोंडाशी जिताड्याची पिल्लं यायची, बोटाच्या पेराएवढी. ती बारीक जाळीने धरायची, हंड्यातून घरी आणायची आणि आपल्या तलावात सोडायची. काही वर्षांत त्यांचे हातभर लांबीचे जिताडे व्हायचे. जावई पहिल्यांदा घरी आला, पोराला कंपनीत चिकटवायचं असलं, तालुक्याच्या साहेबाचं मन वळवायचं असलं, की तलावातून जिताडा निघायचा. अडचण एवढीच की पिल्लू खाऱ्या पाण्यातलं आणि तलाव गोडा. घाईने हंडा ओतला की सकाळी सगळी पांढरी पोटं वर.

म्हणून नीराबाईला बोलावणं जायचं. ती हंडा तलावाच्या काठाशी सावलीत, गळ्यापर्यंत पाण्यात रोवून ठेवायची आणि शेजारच्या दगडावर बसायची. तलावातलं ओंजळभर पाणी हंड्यात टाकायचं, थांबायचं, पिल्लं काय करतात ते बघायचं. मग पुन्हा ओंजळभर. हंडा भरत आला की वरचं थोडं काढून टाकायचं आणि पुन्हा सुरू. सकाळी बसलेली बाई दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. भाकरी तिथेच, चहा तिथेच. कोणी गप्पा मारायला आलं तर डोळ्यांनीच त्याला वाटेला लावायची. संध्याकाळी हंडा आडवा करायची आणि पिल्लं आपापल्या मर्जीने बाहेर पडायची. तिने सोडलेलं पिल्लू सहसा मरायचं नाही. लोक म्हणाले, हाताचा गुण.

या कामाचे पैसे कोणी दिले नाहीत आणि तिने घेतलेही नसते. नारळ मिळायचा, चोळीचा खण मिळायचा, आणि पुढे कधी त्या घरचा जिताडा निघाला की डोक्याचा तुकडा नीराबाईच्या घरी पोचायचा. जिताड्याचं डोकं घरी येणं म्हणजे काय मान, हे ज्याने ते कालवण खाल्लंय त्यालाच कळेल. बाकीच्यांनी विश्वास ठेवावा.

मग हळूहळू तो हात माशांवरून माणसांवर आला. भाताच्या बियाण्याची पहिली मूठ नीराबाईने टाकायची. नवरीच्या हातात पहिली हिरवी बांगडी नीराबाईने भरायची. आणि बाळ जन्मलं की त्याची पहिली आंघोळ नीराबाईच्या पायांवर. गावातली निम्मी तरणी पोरं अशी तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. ती आता ट्रेलर चालवतात, मिशा ठेवतात आणि तिला बघितलं की अजून थोडी लाजतात. नीराबाई वरवर म्हणायची, "माझा काय हाय गो त्याच्यान, देवाचा हाय सगला." पण मनातून तिला ते फार आवडायचं. त्यात वाईट काही नाही. नवरा मिठागरात राबून राबून लवकर गेला, शेतात खाडीचं पाणी शिरून त्याचं खाजण झालं. आपलं म्हणावं असं बाईजवळ दुसरं होतं काय.

पुढे रस्ते आले, बंदर आलं, जमिनींना भाव आला आणि तलाव एकेक करून बुजले. नीराबाईचा स्वतःचा तलावही बुजला. तिच्या मुलाने, हितेशने, त्यात मुरूम टाकून ट्रेलर उभे करायला जागा केली. ट्रेलरचा धंदा चांगला चालला होता आणि बंगलाही त्यातूनच उभा राहिला, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. जिताडे आता लोक पेणच्या बाजारातून बर्फातले आणतात आणि तलावातले म्हणून पाहुण्यांना वाढतात. पाहुणेही तसेच, त्यांना काही कळत नाही. नीराबाईचा हात मोकळा झाला. अधूनमधून एखादं बाळंतपण यायचं, तेवढंच.

हितेशची बायको अमिषा उलव्याची. बोलायला गोड, कामाला चपळ, आणि सासूशी तिचं बरं जमायचं. तिचं पहिलं बाळ गेल्या वर्षी सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर घरात कोणी त्याविषयी बोललं नाही. आपल्याकडे अशा गोष्टीवर बोलत नाहीत, नुसतं जेवायला जास्त वाढतात. यंदा तिला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, जपून राहा, फार हिंडू-फिरू नका. अमिषाला आई नव्हती, त्यामुळे माहेरी जायचाही प्रश्न नव्हता. ती दिवसभर हॉलमधल्या सोफ्यावर पडून असायची आणि छताकडे बघायची.

तिचा भाऊ प्रीतम एका रविवारी काचेची मोठी टाकी घेऊन आला. बहिणीचं मन रमावं म्हणून. सोबत पंप, रंगीत खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि वाटेत पेणच्या दुकानातून घेतलेले नारिंगी गोल्डफिश, फुगवलेल्या पिशवीत. दुपारपर्यंत टाकी नळाच्या पाण्याने भरूनही झाली. प्रीतम पिशवी फोडणार एवढ्यात अमिषा म्हणाली, "थांब. आईंना सोडू दे. सगळे बोलतात, त्यांनी सोडलेले मासे जगतात."

मग सासूकडे बघून हसत हसत म्हणाली, "हे जगले ना आई, की मग मला टेन्शन नाही." बोलताना तिचा हात पोटावर होता.

नीराबाईच्या मनाला ते भिडलं. सून एवढा विश्वास टाकते याचा आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. तिने पदर खोचला. पिशवी फोडून पाण्यासकट मासे मोठ्या पातेल्यात घेतले, पातेलं टाकीशेजारी ठेवलं आणि खाली मांडी घातली. टाकीतलं ओंजळभर पाणी पातेल्यात टाकलं. थांबली. मासे बघितले. पुन्हा ओंजळभर. प्रीतम कंटाळून उलव्याला निघून गेला, हितेश घोरायला लागला, आणि ही बाई संध्याकाळपर्यंत पातेल्यापाशी. इतक्या वर्षांनी हाताला काम मिळालं होतं. दिवे लागल्यावर तिने पातेलं तिरकं केलं आणि मासे टाकीत गेले.

सकाळी दोन मासे तळाशी आडवे होते. उरलेले वर येऊन तोंडं उघडत होते, हवेसाठी तडफडावं तसे. आठवडा व्हायच्या आत टाकी रिकामी झाली.

अमिषा काही बोलली नाही. तेच वाईट. बोलली असती, रडली असती, तर नीराबाईने तिला जवळ घेतलं असतं. ती नुसती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

नीराबाईने ठरवलं, टाकीच अस्वच्छ असणार. हितेशकडून टाकी अंगणात काढून घेतली. काच, खडे, पंपातला काळपट स्पंज, सगळं नारळाच्या सोडणाने घासून घासून उन्हात वाळवलं. स्पंज तर पुन्हा दुकानातल्यासारखा दिसायला लागला. नवीन पाणी भरलं, गावदेवीला नारळ फोडला, हितेशला पुन्हा मासे आणायला लावले. या वेळी सकाळी दिवस उगवताच बसली आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ बसली. ओंजळी लहान केल्या. कमरेत कळ आली तरी उठली नाही.

ते मासे आणखी लवकर गेले.

गल्लीत अशा बातम्यांना पाय नसतात असं कोण म्हणेल. समोर राहणारी ठमी, नीराबाईची चुलत जाऊ, दुसऱ्याच दिवशी कोथिंबीर मागायला आली. स्वतःच्या परसात कोथिंबीर माजलेली असताना. टाकीतल्या रिकाम्या पाण्याकडे तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हात पन म्हातारा होतंय बाय. मानसाचा सगलाच म्हातारा होतंय." वर हसली. नीराबाईने तिला कोथिंबीर दिली आणि मोरीत जाऊन उगाचच भांडी घासत बसली.

त्या दिवसापासून तिने हात आवरला. सुनेच्या डोक्याला तेल लावायचं सोडलं, केस दुखतील म्हणाली. दुधाचा पेला हातात द्यायच्या ऐवजी टेबलावर ठेवायला लागली. एकदा दुपारी अमिषा म्हणाली, "आई, बघा ना, किती लाथा मारतंय. हात लावून बघा." नीराबाई म्हणाली, "माझे हात ओले हायत गो," आणि आत गेली. हात कोरडे होते. स्वयंपाकघरात उभी राहून ती त्या कोरड्या हातांकडे बघत राहिली आणि तिला रडू आलं. जे बाळ यावं म्हणून ती देवाजवळ दिवसरात्र बोलत होती त्याला आपला हात लागता कामा नये, असं तिने मनाशी पक्कं केलं. हितेशला बाजूला घेऊन सांगूनही टाकलं, "बालाला न्हानी घालायला बाहेरची बाई बघ. माझे पाय दुखतान." हितेश म्हणाला, "आये, गावभर न्हाऊ घालतेस आनि नातवाला बाई?" ती अंगण झाडायला निघून गेली.

पण रिकामी टाकी हॉलमध्ये तशीच होती आणि सून रोज त्या टाकीकडे बघत होती. नीराबाईला एक उपाय सुचला. आपला हात गेला तर गेला, ज्याचा आहे त्याचा आणावा. ती मिनीडोर रिक्षात बसून पेणला गेली, एसटी स्टँडच्या मागच्या त्या रंगीत माशांच्या दुकानात.

दुकानदार शब्बीर आगरदांड्याकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस. कुवेतमध्ये एका शेखच्या बंगल्यातल्या टाक्या त्याने बरीच वर्षं सांभाळल्या आणि परत आल्यावर तेवढंच येतं म्हणून हे दुकान टाकलं. नीराबाईने सरळ सांगितलं, "मासे तुझ्याकरशी घेते, पन तू घरी ये आनि तुझे हातान सोड. रिक्षाचा भाडा मी दीन."

शब्बीरने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. "येईन ना मावशी. पण आधी सांगा, तुम्ही सोडता कसे?"

नीराबाईने सांगितलं. या एका गोष्टीची तिला लाज नव्हती. पातेलं, ओंजळ, थांबणं, बघणं, पुन्हा ओंजळ, संध्याकाळपर्यंत. सांगता सांगता तिची मान थोडी ताठ झाली. मग टाकी कशी घासली, स्पंज कसा लख्ख केला, तेही सांगितलं.

शब्बीर गल्ल्यावरची धूळ पुसत राहिला. आईच्या वयाच्या बाईला तुम्हीच मासे मारलेत हे कसं सांगायचं, याचा तो विचार करत असावा.

"मावशी, बुरा मानू नका," तो शेवटी म्हणाला. "हे दिवसभराचं बसणं जिताड्याच्या पिल्लाला बरोबर आहे. ते खाऱ्यातून गोड्यात येतं, त्याला वेळ द्यायलाच लागतो. माझे मासे गोड्यातलेच. त्यांना वेळ नको, उलट घाई पाहिजे. पिशवीत मासा वाटभर घाण करतो. पिशवी बंद आहे तोवर ती घाण गप्प असते. उघडली, हवा लागली, की तीच जहर होते. तुम्ही त्यांना दिवसभर त्यातच बसवलंत."

नीराबाईने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बंद पिशवी टाकीत थोडा वेळ तरंगत ठेवायची. ऊब सारखी झाली की उघडायची, टाकीतलं दोन-तीन पेले पाणी घालायचं आणि जाळीने मासा उचलून आत. पिशवीचं पाणी मोरीत. आणि दुसरं म्हणजे टाकी. नवं पाणी कच्चं असतं. त्यात माशाची घाण खाणारे बारीक जीव लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. ते त्या काळ्या स्पंजात राहतात. तो तुम्ही घासून टाकलात."

"म्हंजे मी सोच्छ केला ता वंगाल झाला."

"असंच काही," शब्बीर म्हणाला. त्याने आपल्या एका जुन्या टाकीतला काळा, बुळबुळीत स्पंज काढून पाण्याच्या पिशवीत बांधला. "हे विरजण समजा. पंपात घाला, पंप चालू ठेवा, आणि मासे लगेच नाही. पाणी तयार झालं की या, मी देतो. पहिल्यांदा थोडेच. खायला चिमटीभर, त्याहून कमीच."

नीराबाईने पिशवी घेतली पण उठली नाही. "मंग हाताचा काय?" तिने विचारलं.

"कुठल्या हाताचं?"

"माझे हाताला यश हाय बोलतान. ता गेला काय?"

शब्बीर जरा हसला, प्रेमाने. "हातात काय असणार मावशी. जान देणारा वर आहे. आपण फक्त नीट करायचं."

मिनीडोरमध्ये कडेला बसून नीराबाई घरी निघाली आणि वडखळ येईपर्यंत तिला शब्बीरचा राग आला. मासे हाताने मेले नाहीत, हे तो सांगत होता. ते तिला हवंच होतं. पण मग जिताडेही हाताने जगले नव्हते. एक घ्यायचं तर दुसरं द्यावं लागत होतं. एवढे नारळ, एवढे खण, एवढी डोकी, आणि कारण काय तर पिल्लांना वेळ लागतो. हे तर कोणालाही जमलं असतं.

आणि ते जमलंही होतं. हे तिला तिथेच आठवलं, आणि ती गोष्ट ती विसरलेली नव्हती, फक्त बाजूला ठेवलेली होती. एका पावसाळ्यात ऐन पिल्लं सोडायच्या दिवशी तिला ताप भरला. सकाळी तिने कशीबशी हंड्याला हात लावला आणि घरी येऊन पडली. हंड्यापाशी दिवसभर बसली ठमी. भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, ओंजळ ओंजळ. पिल्लं सगळी जगली. गावाने नारळ दिला नीराबाईला, कारण सकाळी हात तिने लावला होता. नीराबाईने तो घेतला. ठमी तेव्हा काही बोलली नव्हती. कोथिंबीर मागायला मात्र ती त्यानंतरच यायला लागली.

मिनीडोर गावाच्या फाट्यावर थांबली तेव्हा नीराबाईचा राग उतरला होता. शब्बीरवर धरण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

घरी येऊन तिने स्पंज पंपात बसवला, हात धुतले आणि अमिषाच्या पायाशी सोफ्यावर बसली. अमिषा उठून बसायला लागली तर तिला पडून राहायला सांगितलं.

"गो बाय, मासे माझे चुकीन मेले," ती म्हणाली. "पिशवीचा पानी इखारी होता, मी त्यांना त्याच्यान दिसभर ठेवला. माना ठावं नव्हता. हाताचा यश बिश काय न्हाय. कदी नव्हता."

अमिषा बघत राहिली. मग तिचे डोळे भरले. "मला वाटलं तुम्हाला माझं कळलं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच नशिबात नाही म्हणून मासे पण मेले. तुम्ही मला हात लावेनाशा झालात. मी बोलले, आईंना पण तसंच वाटतंय."

नीराबाईला आपल्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आपल्या हाताला जपता जपता तिने पोरीला अवदसा ठरवून टाकलं होतं, आणि तेही एकाच घरात, एकाच सोफ्यासमोर. "न्हाय गो," ती म्हणाली, आणि तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला. आतून बाळाने सणसणीत लाथ मारली. दोघी रडत होत्या, त्यात हसल्या.

त्यानंतर टाकीत नुसतं पाणी फिरत राहिलं. मासे नसलेली टाकी बघायला येऊन ठमी एकदा म्हणाली, "पानी पालताव काय?" नीराबाईने सांगितलं, व्हय. अमिषाचे दुपारचे तास वाईट जायचे. हितेश बंदरावर, गल्ली झोपलेली, आणि बाळ थोडा वेळ हललं नाही की तिचा चेहरा उतरायचा. गेल्या वर्षीही असंच एका दुपारी हलणं थांबलं होतं. नीराबाईने दुपारची झोप सोडली. ती सुनेजवळ बसायची, दोघी पाण्याकडे बघायच्या. बोलायच्याच असं नाही. कधी नीराबाई मिठागरातल्या गोष्टी सांगायची, कधी अमिषा उलव्याच्या. बाळ हललं की अमिषा सुस्कारा टाकायची आणि मग नीराबाई चहा ठेवायला उठायची, त्याआधी नाही.

पाणी तयार झालं तेव्हा शब्बीरने गप्पी दिले, चिमुकले, शेपटीला रंग असलेले. या वेळी सोडले अमिषानेच, खुर्चीत बसून. पिशवी तरंगत ठेवली, पेल्याने पाणी घातलं, जाळीने उचलून आत. चहा पिऊन होईपर्यंत काम आटोपलं. नीराबाई हात मागे बांधून उभी होती आणि एवढ्या लवकर झालं याचं तिला मनातून थोडं वाईटही वाटलं.

काही दिवसांनी त्यातला एक मेला. सकाळी अमिषाला तो आधी दिसला. नीराबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. अमिषाने जाळीने तो उचलला, कागदात गुंडाळला आणि म्हणाली, "आणला तेव्हाच मरगळलेला होता हा. शेपूट मिटलेली होती." मग बाकीच्यांना चिमटीभर दाणे टाकले आणि सासूला म्हणाली, "आई, आज तेल लावून द्याल डोक्याला?" नीराबाई तेलाची वाटी आणायला गेली ती देवापुढे नमस्कार करूनच परतली.

महिने भरले आणि अमिषाला मुलगी झाली. किरकिरी, काळ्याभोर केसांची, आवाज असा की हितेशच्या ट्रेलरचा हॉर्न लाजावा. घरी आल्यावर पहिल्या आंघोळीला गल्लीतल्या बायका मोरीच्या दारात जमल्या. बाहेरची बाई कोणी बोलावली नव्हती. नीराबाई पाटावर पाय पसरून बसली. अमिषा दाराला टेकून उभी होती, शाल पांघरून.

"बगा," ठमी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नीराबायचा हात आला परत." बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, आता उद्या माझ्या सुनेला पण आणते, पोटाला हात लावून घ्यायला.

नीराबाईने मान खाली घातली. हात नाही, हे सांगायचं तिने ठरवलं होतं, पण त्या क्षणी ते जिभेवर येईना. गेलेलं सगळं दारात परत येऊन उभं होतं, आणि गप्प बसलं की मिळणार होतं.

"काकी, हाताचं काही नाही," अमिषा म्हणाली. मोठ्या बायकांत ती सहसा बोलत नसे, त्यामुळे सगळ्या वळून बघायला लागल्या. "मला रोज वाटायचं, आज काहीतरी होणार. रोज दुपारी. आई माझ्याजवळ बसून राहायच्या. उठायच्या नाहीत. एक दिवस पण उठल्या नाहीत."

इतक्या वर्षांत नीराबाईला हे कोणी म्हटलं नव्हतं. नारळ दिले, खण दिले, पण ती बसली होती हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्यासुद्धा नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही. आणि मग तिला समोरची ठमी दिसली, जी अशीच बसली होती भर पावसात आणि जिला कोणी काही म्हटलं नव्हतं. ठमी जमिनीकडे बघत होती.

"ठमे," नीराबाई म्हणाली, "तिकडं उभी काय करतंस? इकडं बस. पोरीचे डोक्याखाली हात धर. माना एकटीला न्हाय जमाचा."

ठमीने पदर खोचला आणि ती पाटाशेजारी येऊन बसली.